पडद्याला भोक

एक्स-रेत काळं म्हणजे हवा. पांढरं म्हणजे हाड.

आमच्या गल्लीत त्या वर्षी नळाला पाणी दुपारी चार ते पाच.

मुका मार आधी लाल दिसतो, मग जांभळा, मग हिरवट. आठवड्याने नुसता पिवळा, हळदीचा हात लागल्यासारखा. मग काही नाही.

तात्यामामा निकाल देण्याआधी चष्मा काढून ठेवायचे. बघायचं ते बघून झालं, असा त्याचा अर्थ.

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माणसाला कुठल्याही यंत्राचं झाकण उघडल्याशिवाय चैन पडत नाही.

आमच्या देव्हाऱ्यात झिरोचा लाल बल्ब होता. तो चोवीस तास चालू.

*

"श्वास घे," मी म्हणाले. "अजून घे. आता धरून ठेव."

कुंदाला पुरता श्वास घेता येत नव्हता. अर्ध्यावर यायची आणि ओठ दाबायची. मी तिसऱ्या वेळी बटण दाबलं.

कुंदा माझी नणंद. मंगळवारी सकाळी कुरुंदवाडहून पहिल्या बसने आली. हातात एक कापडी पिशवी, त्यात एकच साडी. दारातच विचारलं, "वहिनी, दादा कामावर गेला?" गेला म्हटल्यावर आत आली आणि भिंतीला पाठ न टेकता बसली.

मी तेव्हा मिरजेत एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते. अकरा वर्षं झाली होती. दुपारी तिला बरोबर घेऊन गेले, नंबर न लावता प्लेट काढली, आत लाल दिव्यात धुतली, ओली असतानाच उजेडाच्या पेटीवर धरली. बरगड्या एकीखाली एक, बाराच्या बारा शाबूत. डॉक्टरांनी खाली लिहिलं, नॉर्मल.

"मोडलं असतं तर बरं झालं असतं," कुंदा म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"बघ ना. मोडलं असतं तर दिसलं असतं."

डॉक्टरांना पाठ दाखव म्हटलं, तर नको म्हणाली. त्यांनी बघितलं की ते लिहिणार, लिहिलं की पोलीस येणार, आणि पोलीस आले की घर संपलं. तिला घर संपवायचं नव्हतं. तिला फक्त आमच्याकडे राहायचं होतं, आणि कोणीतरी मोठ्याने राहा म्हणायला हवं होतं. आमच्याकडे मोठे म्हणजे तात्यामामा, प्रभाकरांचे मामा. प्रभाकर म्हणजे माझे मिस्टर, कुंदाचे दादा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला.

संध्याकाळी जगदीशराव आले. कुंदाचे यजमान. शाळेत सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. चहा घेतला, बशी पुसून खाली ठेवली.

"वहिनी, तिला बरं नसतं हल्ली. न्हाणीघरात घसरली, तर मीच ढकललं म्हणते. एक्स-रे काढला म्हणे तुम्ही?"

"काढला."

"काय आहे?"

"नॉर्मल आहे."

"देवाची कृपा. द्या, आमच्या डॉक्टरांना दाखवून ठेवतो."

आणि मी पाकीट दिलं. अकरा वर्षं दिवसातून तीस वेळा हेच करत होते. पेशंटच्या नातेवाइकाने हात पुढे केला की पाकीट द्यायचं. पाकीट त्यांच्या काखेत गेल्यावर मला कळलं की मी काय दिलं.

ठरलं असं: रविवारी सकाळी तात्यामामांच्या घरी बसायचं. तात्या म्हणतील तसं. राहू दे म्हणाले तर कुंदा आमच्याकडे. जा म्हणाले तर दुपारच्या बसने कुरुंदवाड.

*

"बायकांना बघायला सांगू," प्रभाकर म्हणाले. "मामी बघतील, तू बघितलंच आहेस. मामी सांगतील मामांना."

"मामी काय सांगतील ते मामांना आधीच माहीत असतं. म्हणून ते ऐकत नाहीत."

"मग?"

"कागद लागतो. हातात धरता येईल असं काहीतरी."

बैठकीत बाईची पाठ उघडी करता येत नाही. पण फोटो पाकिटात घालून एकाच माणसाच्या हातात देता येतो. तो बघेल, परत पाकिटात घालेल. हे माझंच डोकं.

स्टुडिओत जाणं शक्य नव्हतं. आमच्या चौकातला स्टुडिओवाला लग्नाआधी मुलींचे फोटो काढायचा आणि कोणाचं कुठे जमतंय हे मुलींच्या आधी गावाला सांगायचा. रोल त्याच्याकडे धुवायला टाकायचा म्हणजे कुंदाची पाठ काचेच्या कपाटात लावण्यासारखं होतं. म्हणून कॅमेरा आपला, रोल आपण धुवायचा, छापायचाही आपणच, घरात.

बुधवारी प्रभाकर रजा टाकून निघाले. रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गार्डसाहेबांकडे दोन जुने कॅमेरे विकायला होते. एक खोक्याचा, डोळा लावायचा आणि खटका दाबायचा, दुसरं काही नाही. दुसरा जड, जर्मन, मागेपुढे फिरणाऱ्या भिंगाचा, आत खटक्यासरशी उघडमिट होणारा कापडी पडदा.

"खोक्याचाच घ्यायचा ना," मी म्हणाले. "मला झेपला असता."

"त्याला सहा फुटांच्या अलीकडचं दिसत नाही. सहा फुटांवरून वळ काय दिसणार? हा तीन फुटांवर येतो." त्यांनी टोपण काढून भिंग मला दाखवलं. "फक्त एक जपायचं. पडदा कापडी आहे. टोपण न लावता उन्हात ठेवला की भिंगातून ऊन एका ठिकाणी जमतं आणि पडद्याला भोक पडतं. टाचणीच्या टोकाएवढं. बाहेरून कळतही नाही. गार्डसाहेबांनी तीनदा बजावलंय."

फोटो मोठे करायचं यंत्र गार्डसाहेबांनी नुसतं वापरायला दिलं. छापण्याच्या कागदाचं सगळं सांगितलं. लाल दिवा लावा, कागद चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं, ते टिकवणाऱ्या फिक्सरमध्ये दहा. मग विचारलं, "आणि फिल्म कोण धुणार?"

"आमची मंडळी," प्रभाकर म्हणाले. "हॉस्पिटलात रोज तेच करते. एक्स-रे."

"मग मी काय सांगणार," गार्डसाहेब म्हणाले.

हे प्रभाकरांनी मला घरी येऊन कौतुकाने सांगितलं. मलाही बरं वाटलं.

*

गुरुवार, सकाळी नऊ. स्वयंपाकघर.

प्रभाकरांनी रोल भरला, खटका चालतो का बघितलं आणि कॅमेरा खिडकीत ठेवून मापाचा टेप शोधायला गेले. आले ते तसेच थबकले.

"टोपण कुठंय?"

टोपण माझ्या हातात होतं. काल दाखवायला काढलं होतं, ते आज मी पुसायला घेतलं होतं.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच तर ठेवलात."

"आत्ताच नाही. टेप सापडत नव्हता मला." उतू गेलेल्या दुधाकडे बघावं तसं ते कॅमेऱ्याकडे बघत होते. "ऊन थेट येतंय गं."

"काही होत नाही. द्या इकडे."

ते बाहेर गेले, दार ओढून घेतलं आणि दाराला चिकटून उभे राहिले. बहिणीची पाठ त्यांना बघायची नव्हती. बघायला नकोही होती. पुढे फोटोतसुद्धा त्यांना ती दिसली नाही, पण ते नंतर.

फोटो एक. कुंदा ओट्याकडे तोंड करून पाटावर. केसांचा अंबाडा वर. चेहरा नाही.

"अंतर किती?" दाराआडून.

"तीन फूट."

"टेपनं मोजलंस?"

"कुंदानं एक टोक धरलंय."

"उजेड कुठून येतोय?"

"अहो, या घराला एकच खिडकी आहे."

कुंदा हसली आणि लगेच बरगडी धरली.

दोन. पूर्ण पाठ. मी सवयीने म्हणाले, "श्वास घे. धरून ठेव." कुंदा म्हणाली, "वहिनी, हा कॅमेरा आतलं बघत नाही. श्वास घेऊ की नको?"

पाच. डाव्या दंडाच्या मागे चार बोटं. अंगठा पुढे होता.

नऊ. कमरेवर आडवा पट्टा, दोन बोटं रुंद, मध्येच तुटलेला. तुटला तिथे कण्याची खळगी होती.

चौदा. उजव्या खांद्याखाली बकलाचा चौकोन. त्याची एक बाजू तिरकी आणि आतली टोचणी सुद्धा उमटलेली. हा मी तीनदा काढला. न्हाणीघरात घसरलेल्या बाईच्या पाठीवर बक्कल उमटत नाही. तात्यामामांना हा एक दाखवला की पुरे होता.

"बक्कल आलं का?" कुंदाने विचारलं. तिला स्वतःला ते कधी दिसलं नव्हतं. "कसं दिसतं?"

"चौकोनी."

"डाव्या हाताचा आहे तो," ती म्हणाली, जणू जगदीशरावांची ओळख करून देत होती.

बावीस. बावीस झाल्यावर कुंदा म्हणाली, आता बास.

*

शनिवारी मला अर्धा दिवस. चारला पाणी येणार, म्हणून चारची वेळ धरली. फिल्म शेवटी वाहत्या पाण्यात धुवावी लागते आणि आमच्याकडे वाहतं पाणी तासभरच.

न्हाणीघराच्या झरोक्याला पुठ्ठा, त्यावर जुन्या छत्रीचं कापड. दाराच्या फटीत चादर. दगडावर तीन प्लास्टिकचे टब: डेव्हलपर, पाणी, फिक्सर. प्रभाकरांनी देव्हाऱ्यातला लाल बल्ब काढला, वायर ओढून न्हाणीघरात लावला. देवांना त्या दिवशी अंधार.

"एकदा विचारून येऊ का गार्डसाहेबांना?" ते म्हणाले. "फिल्मचं काही वेगळं असलं तर?"

"काय वेगळं? फिल्म ती फिल्म."

"लाल चालेल ना?"

"अहो, अकरा वर्षं मी लाल दिव्यातच काम करतेय. एकही फिल्म वाया घालवलेली नाही." खरंच घालवलेली नव्हती. आमच्या खात्यात हे एवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं होतं आणि साहेब दर वर्षी ते चारचौघांत बोलून दाखवायचे.

"मग काय प्रश्नच नाही," प्रभाकर म्हणाले. ते आणि कुंदा बाहेर थांबले. मी दार लावलं.

चार दहा. रोलची डबी उघडली. पाच फुटांची अरुंद पट्टी, एक्स-रेच्या प्लेटपुढे रिबिनीसारखी. लाल उजेडात नीट बघून दोन्ही टोकांना चिमटे लावले.

चार बारा. डेव्हलपरमध्ये. पट्टी झोळीसारखी धरून या टोकाने खाली, त्या टोकाने वर. हाताला सवय नव्हती, पण नजरेला होती. एक्स-रेत मी चित्र उमटताना बघत बघत धुवायचे, पुरेसं झालं की बाहेर.

चार तेरा. काळं येऊ लागलं. भराभर, सगळीकडून. मला बरं वाटलं. आमच्याकडे आधी काळंच येतं, बाजूची हवा. मग मधून हाड निघतं.

चार पंधरा. मधून काही निघालं नाही.

"येतंय का?" प्रभाकर.

"येतंय."

चार सतरा. फिक्सर. फिक्सरमध्ये नको ते धुऊन जातं आणि चित्र उघडं होतं. मी मनात मोजत राहिले. दारापलीकडे कुंदा कुठलंसं भजन गुणगुणत होती, मध्येच ओळ विसरून पुन्हा तीच.

चार सत्तावीस. पांढरा दिवा लावला. पट्टी दिव्यापुढे धरली.

काळी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चित्रं जिथे असायची तिथे काळी, दोन चित्रांमधली फट काळी, कडेच्या भोकांमधली बारीक जागा, तीही काळी. मी टोकापासून टोकापर्यंत तीन वेळा बघितली.

रोलचा रिकामा खोका साबणाच्या फळीवर होता. आत घडी घातलेला कागद. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी तो दोन दिवसांत उघडला नव्हता. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की ही फिल्म संपूर्ण अंधारात उघडावी, कुठल्याही रंगाचा दिवा चालणार नाही. कुठल्याही या शब्दाखाली रेघ होती.

एक्स-रेची फिल्म लाल रंगाला आंधळी असते. म्हणून आम्हाला लाल दिवा. ही आंधळी नव्हती. हिला माणसासारखं सगळं दिसत होतं, आणि डबीतून काढल्यापासून ती देव्हाऱ्याचा बल्ब बघत होती.

पडद्याच्या भोकातून उजेड शिरला असता तर तो चित्राच्या चौकटीतच शिरला असता. कडा स्वच्छ राहिल्या असत्या. हे कळायला मला कागदाची गरज नव्हती. अकरा वर्षांत मी इतरांच्या खराब झालेल्या प्लेट वाचतच आले होते. कुठे फिल्म ठेवायची कॅसेट फुटली, कुठे कोणी दार उघडलं, साहेब मलाच विचारायचे.

"नलू, उघडू का?" बाहेरून प्रभाकर.

"थांबा."

मी कागदाची घडी घातली. आणखी एक घडी घातली. मग नाली होती, तिच्यात टाकला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

दार उघडलं.

प्रभाकरांनी पट्टी हातात घेतली, व्हरांड्यात नेली, उन्हाकडे धरली. कुंदा त्यांच्या खांद्यामागून बघत होती. तिने पाठीवर शाल घेतली होती.

"काहीच नाही," ते म्हणाले. "एकही नाही?"

मी टब रिकामा करत होते.

"खिडकीत राहिला ना," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं कुंदाच बोलली. "मी खिडकीत ठेवला. पडद्याला भोक पडलं असणार."

नळाची धार टबात पडत होती.

"नलू? भोकच पडलं असेल ना?"

"असेल," मी म्हणाले.

एवढाच शब्द. मी हो म्हणाले नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हे सांगत होते.

प्रभाकर खाली बसले, पायरीवर. मग उठले. "थांबा. अजून ऊन आहे. दुकान उघडं असेल, मी दुसरा रोल आणतो. परत काढू. कुंदा, अजून दिसतंय का काही? नलू, तू बघितलंयस, दिसतंय?"

सकाळी मीच तिच्या पाठीला तेल लावलं होतं. दंड फिका झाला होता, कमरेचा पट्टा पिवळा पडला होता. बक्कल होतं. चौकोन, तिरकी बाजू, टोचणी. सगळं होतं.

"थोडं आहे," मी म्हणाले.

"मग जातो मी."

"दादा," कुंदा म्हणाली, "पण कॅमेरा तोच ना?"

प्रभाकर चपलेत पाय घालत होते, ते थांबले.

"भोकातूनच काढणार परत?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, ती खरंच विचारत होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुंदानेही. घरात फिल्ममधलं कळणारी मी एकटीच होते. कॅमेरा चांगला आहे, एवढं म्हणायचं होतं मला. कॅमेरा चांगला आहे, रोल आणा, आज दिवा लावायचा नाही. तीन वाक्यं. त्यातलं तिसरं म्हटल्याशिवाय पहिलं म्हणता येत नव्हतं.

"पाणी जाईल आता," मी म्हणाले. "मला टब धुऊ द्या."

प्रभाकरांनी चपला काढल्या.

*

रविवार.

तात्यामामांच्या माजघरात बायका, ओसरीवर पुरुष, मध्ये उघडं दार. मला दारात पाट दिला होता, कारण मी नोकरी करणारी.

जगदीशरावांनी पाकीट काढलं. "मामा, मी माझ्या तोंडानं काही सांगत नाही. हा एक्स-रे. आमच्याकडचा नाही. वहिनींनी स्वतः काढलाय, त्यांच्या हॉस्पिटलात."

तात्यामामांनी प्लेट उलटी धरली. जगदीशरावांनी ती हळूच सुलटी करून दिली.

"नलू, हा तूच काढलास?"

"हो, मामा."

"काय आहे यात?"

"हाडं आहेत."

"मोडलंय काही?"

"नाही."

"ओरखडा?"

"मामा, एक्स-रेत कातडं दिसत नाही. मार हाडाला नाही लागला, तो..."

"मी हाडाचं विचारतोय."

"नाही. ओरखडा नाही."

"आमच्याकडे फोटो होते," प्रभाकर मध्येच म्हणाले. "पाठीचे. बावीस काढले होते."

"बघू की," जगदीशराव म्हणाले. "मीही बघतो."

"खराब झाले."

"सगळे?"

"माझ्या हातून. कॅमेरा उन्हात ठेवला. पडद्याला भोक पडलं." हे त्यांनी सगळ्यांकडे बघून सांगितलं, शाळेत उभं केलेल्या मुलासारखं. "चूक माझी आहे, मामा. पण फोटो होते. नलूनं काढले होते. नलूला विचारा."

तात्यामामा माझ्याकडे वळले. "होते?"

"होते."

"तू बघितलेस?"

बघितले म्हटलं असतं तर खोटं. मी पाठ बघितली होती, फोटो कोणीच बघितले नव्हते. का कोण जाणे, त्या क्षणी मला खोटं बोलायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

तात्यामामांनी चष्मा काढून ठेवला.

निघताना कुंदा चूल विझवून आल्यासारखी शांत होती. साडी पिशवीत भरली, मामींच्या पाया पडली. प्रभाकर अंगणाच्या टोकाला पाठमोरे उभे होते. ती त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"दादा, कॅमेऱ्याचं काय एवढं मनाला लावून घेतोस. यंत्रच ते."

मग माझ्याकडे आली. "वहिनी, तू तरी काय करणार होतीस."

दोनची बस होती. जगदीशरावांनी तिची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

*

पुढच्या वर्षी तिचा डावा कान गेला. कानाच्या पडद्याचा एक्स-रे निघत नाही. ती त्या घरात अजून सतरा वर्षं राहिली, जगदीशराव गेले तोवर. आता आमच्याकडे असते, माझ्याबरोबर. तिच्याशी उजव्या बाजूने बोलावं लागतं.

प्रभाकरांनी पुन्हा फोटो काढला नाही. कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर, टोपण लावलेला, त्यावर फडकं, फडक्यावर दोरा. मुलाच्या मुंजीत कोणीतरी म्हणालं, तुमच्याकडे चांगला कॅमेरा आहे ना, तर म्हणाले, "खराब आहे. माझ्या हातून झाला." पाहुण्यांनी विषय बदलला. मी पाहुण्यांना लाडू वाढत होते. दुरुस्त करून घ्या, असं मी एकदाही म्हणाले नाही. दुरुस्त करणाऱ्याने उघडून बघितलं असतं. आणि टेलिफोनमधल्या या माणसाने, ज्याने आमचा पंखा, रेडिओ, शेजाऱ्यांचं शिवणयंत्र, सगळं उघडून बघितलं, तो एक कॅमेरा कधी उघडला नाही. त्याला भोक बघायचं नव्हतं.

गेल्या श्रावणात ते गेले. शेवटचे आठ दिवस हॉस्पिटलातच होतो, माझ्याच जुन्या. छातीचा एक्स-रे काढायला माझ्या जागेवरची मुलगी आली. आता फिल्म नसते, अंधारी खोली नसते, चित्र लगेच पडद्यावर येतं. त्यांना श्वास धरता येत नव्हता. मुलगी बाहेर गेल्यावर खोलीत आम्ही दोघंच होतो, पुष्कळ वेळ. कुंदा जेवणाचा डबा घेऊन येईपर्यंत. त्यांनी विचारलं, "कुंदाला उशीर का झाला?" मी म्हणाले, "रिक्षा मिळाली नसेल."

दोन मार्च एकोणीसशे पंच्याऐंशी, शनिवार. मिरजेत सूर्य सहा वाजून अडतीस मिनिटांनी मावळला, मी न्हाणीघराचं दार उघडल्यावर दोन तासांनी.